उसनी प्रयोगशाळा, स्वतःची जबाबदारी

जैवतंत्रज्ञानाचा उद्योग म्हटला की सर्वसाधारण माणसाच्या डोळ्यांपुढे काचेची दालने, चकचकीत पोलादी टाक्या, पांढरे अंगरखे घातलेले शास्त्रज्ञ आणि या सर्वांमागे ओतलेला कोट्यवधी रुपयांचा पैसा असे चित्र उभे राहते. हे चित्र खोटे नाही; परंतु ते अशा उद्योगाच्या भरभराटीचे चित्र आहे, आरंभाचे नव्हे. महाराष्ट्रातील विद्यापीठांतून दरवर्षी जैवतंत्रज्ञान व सूक्ष्मजीवशास्त्र या विषयांचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन विद्यार्थी बाहेर पडतात. त्यांतील कित्येकांना आपल्या विषयाशी मिळतीजुळती नोकरी मिळणेही दुरापास्त होते. त्यांपैकी एखाद्याने स्वतःचा उद्योग काढण्याचे मनात आणले, तर शिक्षक वा कारकून असलेले त्याचे वडील पहिला प्रश्न विचारतात तो हा, की प्रयोगशाळा कोठून आणणार? प्रश्न रास्त आहे. परंतु या उद्योगाचा इतिहास पाहिला तर असे दिसते, की या धंद्यातील अग्रणी म्हणून जिचे नाव घेतले जाते, त्या कंपनीपाशी पहिली काही वर्षे स्वतःची प्रयोगशाळाच नव्हती.

ही कंपनी म्हणजे अमेरिकेतील जेनेन्टेक. भांडवल गुंतवणुकीच्या व्यवसायातील रॉबर्ट स्वॅन्सन हा तरुण आणि सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील शास्त्रज्ञ हर्बर्ट बॉयर या दोघांनी १९७६ साली प्रत्येकी ५०० डॉलर घालून ती स्थापन केली. इमारत बांधण्याच्या फंदात स्वॅन्सन पडले नाहीत. जे काम जेथे उत्तम होते, तेथे ते करारान्वये करवून घ्यावे असे त्यांनी ठरविले. जनुकाचे तुकडे रासायनिक पद्धतीने जुळविण्याचे काम लॉस एंजेलिसजवळच्या सिटी ऑफ होप या संस्थेतील केइची इटाकुरा आणि आर्थर रिग्ज यांच्याकडे गेले. ते जनुक जिवाणूत घालण्याचे काम बॉयर यांच्या विद्यापीठातील प्रयोगशाळेकडे राहिले. पहिला प्रयत्न फसला. जिवाणूंनी तयार केलेले इवलेसे प्रथिन तेच जिवाणू नष्ट करून टाकीत. तेव्हा ते एका मोठ्या प्रथिनाला जोडून वाचविण्याची युक्ती योजण्यात आली आणि १९७७ साली सोमॅटोस्टॅटिन हे चौदा अमिनो आम्लांचे मानवी संप्रेरक जिवाणूंकडून तयार करून घेण्यात यश आले. स्वतःची प्रयोगशाळा उभी राहिली ती यानंतर. १९७८ साली मानवी इन्सुलिन साध्य झाले. त्याचे प्रत्यक्ष उत्पादन व विक्री जेनेन्टेकने एली लिली या जुन्या औषध कंपनीवर सोपविली, आणि १९८२ साली ते औषध अमेरिकेत मान्य झाले. जनुकशास्त्रातून जन्मलेले पहिले औषध अशा रीतीने उसन्या ओट्यांवर शिजले.

अर्धशतकापूर्वी जे अपवादात्मक होते, ते आज या व्यवसायात नित्याचे झाले आहे. हवा तो जनुकक्रम कागदावर लिहून पाठविला की तो तयार करून देणाऱ्या कंपन्या आहेत. जनुकाचे वाचन करणाऱ्या, प्रथिने शुद्ध करून देणाऱ्या, प्राण्यांवरील विषारीपणाच्या चाचण्या घेणाऱ्या, लहान टाकीत किण्वन करून नमुना देणाऱ्या, कुपीत औषध भरून मोहरबंद करणाऱ्या आणि शेवटी रुग्णांवरील चाचण्यांची व्यवस्था पाहणाऱ्या स्वतंत्र संस्था आहेत. विषारीपणाच्या चाचण्यांबाबत तर भारताला विशेष सोय आहे. २०११ सालापासून ओईसीडीच्या परस्परमान्यतेच्या व्यवस्थेत भारताला पूर्ण स्थान मिळाल्याने येथील मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल त्या व्यवस्थेतील अन्य देशांतही ग्राह्य धरला जातो. मूळ तंत्रज्ञानही विद्यापीठाकडून किंवा दुसऱ्या कंपनीकडून परवान्याने घेता येते. म्हणजे एक खोली, दोनतीन जाणकार माणसे, एक खरीखुरी कल्पना आणि करार वाचू शकणारा वकील एवढ्या सामग्रीवर जैवतंत्रज्ञानाची कंपनी सुरू होऊ शकते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. जिला स्वतःची प्रयोगशाळा नाही, कारखाना नाही, ती कंपनी कसली? ती तर दलाली! हा आक्षेप घेणाऱ्यांनी मराठी ग्रंथव्यवहाराकडे पाहावे. कित्येक नामवंत प्रकाशकांपाशी कधीच छापखाना नव्हता. लेखन लेखकाचे, मुखपृष्ठ चित्रकाराचे, छपाई एकाची, बांधणी दुसऱ्याची. तरीही पुस्तक प्रकाशकाचेच म्हणून ओळखले गेले, कारण काय छापावे हे त्याने ठरविले, मुद्रिते डोळ्यांत तेल घालून तपासून घेतली आणि पुस्तक पडून राहिले तर नुकसान त्याने सोसले. ज्याने यांतील काहीच केले नाही, तो मात्र खरोखर दलालच होता. जैवतंत्रज्ञानाच्या कंपनीलाही हीच कसोटी लावली पाहिजे. काम किती बाहेर दिले हा प्रश्न गौण आहे. निवड, तपासणी आणि जोखीम कोणाकडे राहिली, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या देशातील दोन उदाहरणे या दृष्टीने उद्बोधक आहेत. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सचे संस्थापक वरप्रसाद रेड्डी हे शिक्षणाने इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते. कावीळ ब या रोगावरील आयात लस सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती आणि परदेशी कंपनीकडून तिचे तंत्रज्ञान मिळविण्याचा प्रयत्न असफल झाला होता. तेव्हा १९९३ साली त्यांनी कंपनी काढली आणि काम सुरू केले ते प्रथम उस्मानिया विद्यापीठाच्या व नंतर पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राच्या आवारात. १९९७ साली जनुकतंत्राने बनविलेली पहिली भारतीय कावीळ ब प्रतिबंधक लस बाजारात आली. आयात लशीला शेकड्यांनी रुपये पडत असताना ही लस सुमारे ५० रुपयांना मिळू लागली आणि पुढे इतरांनाही आपले दर उतरवावे लागले. सार्वजनिक संस्थेने आपले दार एका बाहेरच्या माणसासाठी किलकिले केले, त्याचे फळ कोट्यवधी बालकांच्या पदरात पडले.

दुसरे उदाहरण पुण्याचे आहे. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेल्या पट्ट्यात मेंदूज्वराच्या साथी वारंवार येत. १९९६ व १९९७ या वर्षांतील साथीने सुमारे अडीच लाख लोकांना ग्रासले आणि पंचवीस हजारांचा बळी घेतला. गरीब देशांना परवडेल अशी, म्हणजे अर्ध्या डॉलरहून कमी किमतीची लस हवी होती, आणि त्या दरात काम करण्यास मोठ्या कंपन्या उत्सुक नव्हत्या. जागतिक आरोग्य संघटना व पाथ ही संस्था यांच्या प्रकल्पाने मग कामाची वाटणी केली. लशीतील शर्करा आणि प्रथिन यांना जोडण्याची पद्धत अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांनी दिली. शर्करेचा प्रारंभीचा पुरवठा अॅम्स्टरडॅमच्या एका कंपनीकडून झाला. उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने पत्करले. २०१० सालच्या डिसेंबरात बुर्किना फासोमध्ये या लशीची मोहीम सुरू झाली. पुढे तीस कोटींहून अधिक लोकांना ती टोचली गेली आणि ज्या जातीच्या जंतूंमुळे या साथी येत, त्यांचा उपद्रव त्या पट्ट्यातून जवळजवळ नाहीसा झाला. येथे कोणा एकाकडे सर्व काही नव्हते. तथापि कोणी काय करावयाचे, कोणत्या किमतीत करावयाचे आणि चुकले तर कोणी उत्तर द्यावयाचे, हे आरंभीच ठरलेले होते.

हे ठरविणे म्हणजेच करार, आणि येथेच नवख्यांची फसगत होते. ज्या जेनेन्टेकचा गौरव वर केला, तिलाही याची किंमत मोजावी लागली. मानवी वाढीच्या संप्रेरकासंबंधीच्या पेटंटावरून कॅलिफोर्निया विद्यापीठाने तिच्यावर दावा लावला आणि १९९९ साली वीस कोटी डॉलर देऊन कंपनीने तडजोड केली. सिटी ऑफ होपशी १९७६ साली झालेल्या कराराचे प्रकरण याहून लांबले. जेनेन्टेकने त्या कामावर आधारलेले परवाने इतर कंपन्यांना दिले, त्यांतून मिळालेल्या उत्पन्नातील वाटा संस्थेला द्यावयाचा किंवा नाही, यावर वाद झाला. २००२ साली ज्यूरीने सुमारे पन्नास कोटी डॉलरचा निवाडा दिला. त्यातील दंडादाखलचे वीस कोटी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली रद्द केले, उरलेले तीस कोटी मात्र कायम राहिले. म्हणजे जन्माच्या वर्षी लिहिलेल्या काही वाक्यांचा अर्थ लावण्यास बत्तीस वर्षे लागली! मोठ्या कंपनीला हा भार पेलला. तीन माणसांच्या कंपनीला तो पेलणारा नाही.

जागतिक ख्यातीच्या कंपन्यांनाही दुसऱ्याच्या कारखान्यावर अवलंबून राहण्याचा फटका बसतो. २०२१ सालच्या प्रारंभी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे इमर्जंट या कंत्राटी उत्पादकाच्या कारखान्यात करोनाविरोधी दोन निरनिराळ्या लशींचे काम एकाच छताखाली चालले होते. एकीच्या द्रव्याचा दुसरीत शिरकाव झाला आणि जॉन्सन अँड जॉन्सनच्या सुमारे दीड कोटी मात्रांचे द्रव्य वाया गेले. लोक बोलले ते कंत्राटदाराविषयी, आणि लशीवर ज्या कंपनीचे नाव होते तिच्याविषयीही. अखेर त्या कारखान्यातील लशीच्या कामाची सूत्रे जॉन्सन अँड जॉन्सननेच हाती घ्यावी, असे अमेरिकेच्या सरकारला ठरवावे लागले. भारतातील कायद्यानेही हेच तत्त्व मान्य केले आहे. औषध दुसऱ्याकडून बनवून घेऊन स्वतःच्या नावाने विकणाऱ्यावरही त्याच्या गुणवत्तेची जबाबदारी राहील, असा नियम २०२० साली करण्यात आला आणि १ मार्च २०२१ पासून तो अमलात आला. काम बाहेर देता येते. जबाबदारी बाहेर देता येत नाही.

आणखी एक धोका असा, की ज्याच्या आधारावर आपण उभे आहोत तो आधार उद्या दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो. बंगळूरच्या बायोकॉनचा इतिहास या संदर्भात बोलका आहे. किरण मजुमदार-शॉ यांनी १९७८ साली दहा हजार रुपयांच्या भांडवलावर भाड्याच्या घरातील गॅरेजमध्ये हा उद्योग सुरू केला तो आयर्लंडमधील एका कंपनीच्या भागीदारीत. पपईपासून पपेन आणि माशांपासून आयसिंग्लास काढून ते निर्यात करावयाचे, हे आरंभीचे काम. १९८९ साली ती आयरिश कंपनी युनिलिव्हरने घेतली आणि बंगळूरच्या छोट्या कंपनीला न विचारता तिचा भागीदार बदलला. १९९८ साली युनिलिव्हरचा हिस्सा परत विकत घेईपर्यंत नऊ वर्षे गेली. बायोकॉन टिकली, कारण दरम्यानच्या काळात तिने किण्वनाचे स्वतःचे तंत्र कमावले होते. तसे नसते, तर मालकीबरोबर भवितव्यही विकले गेले असते.

मग घरात काय ठेवावे आणि बाहेर काय द्यावे? उपकरणे, टाक्या, नेहमीच्या चाचण्या, हिशेब, भरणी या गोष्टी निःशंकपणे बाहेर द्याव्यात. तीन गोष्टी मात्र कदापि हातच्या सोडू नयेत. पहिली, परीक्षण करण्याची कुवत. अहवाल आला की त्यातील आकडा संशयास्पद आहे हे ओळखणारा, तुलनेसाठीचा नमुना का घेतला नाही असे खडसावून विचारणारा, प्रसंगी दुसरीकडे तीच चाचणी करवून घेणारा माणूस कंपनीत असलाच पाहिजे. तो नसेल तर ती कंपनी दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिते असेच म्हणावे लागेल. दुसरी गोष्ट, मूळ द्रव्य. ज्या जिवाणूवर वा पेशीवर सारा उद्योग उभा आहे, त्याचा साठा केवळ कंत्राटदाराच्या शीतपेटीत असणे म्हणजे घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवून देशांतराला जाणे होय. असा साठा दोन जागी हवा. पेटंटासाठी सूक्ष्मजीव ठेवून घेणारी, बुडापेस्ट कराराखाली मान्यता मिळालेली केंद्रे चंदीगड आणि पुणे येथे असल्याने त्यासाठी परदेशी जाण्याचे कारण उरलेले नाही. तिसरी गोष्ट, कागद. प्रयोगवहीतील मूळ नोंदी कोणाच्या, कामाच्या ओघात निघालेली सुधारणा कोणाची, कारखान्याची पाहणी करण्याचा अधिकार आहे किंवा नाही, करार संपला तर तंत्र दुसऱ्या कारखान्याकडे नेता येईल काय, याची उत्तरे सुरुवातीलाच लेखी हवीत. स्नेहसंबंधांच्या भरवशावर हे प्रश्न लांबणीवर टाकणाऱ्यांचे पुढे संबंधही जातात आणि शोधही जातो.

यात पैशाचा हिशेबही चुकता कामा नये. इमारत बांधली नाही म्हणजे खर्च वाचला, हा समज अर्धाच खरा आहे. बाहेरच्या प्रयोगशाळेत पुनःपुन्हा काम करवून घेताना प्रत्येक चुकीचे बिल येते, आणि मोठ्या गिऱ्हाइकाचे काम आले की लहान गिऱ्हाइकाचे काम मागे पडते. शिवाय हात काळे केल्यावाचून येणारे शहाणपण त्या कंत्राटदाराच्या माणसांना मिळते. म्हणून एखादे काम वारंवार करावे लागत असेल आणि तेच कंपनीचे वैशिष्ट्य ठरणार असेल, तर ते यथावकाश घरात आणणे हेच शहाणपणाचे. जेनेन्टेकने दोन वर्षांत आपली प्रयोगशाळा थाटली, यातील बोधही विसरू नये.

या प्रश्नाला एक व्यापक बाजू आहे. जगातील बड्या औषध कंपन्या ज्या देशांत आपले संशोधन कंत्राटाने करवून घेतात, त्यांत भारत अग्रभागी आहे. हैदराबाद, बंगळूर, अहमदाबाद, पुणे येथील प्रयोगशाळांत हजारो तरुण शास्त्रज्ञ परक्यांच्या रेणूंवर कुशलतेने काम करीत असतात. या कामाने रोजगार दिला, शिस्त दिली, नोंदी ठेवण्याची सवय लावली. त्याला कमी लेखणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु त्या रेणूचे पेटंट, त्याचा नफा आणि कोणत्या रोगावर औषध शोधावे हा निर्णय दुसरीकडेच राहतो. सर्पदंश, क्षयरोग, सिकलसेल, कापसावरील आणि डाळिंबावरील रोग हे येथले प्रश्न. त्यांच्यासाठी बोस्टन किंवा बासेल येथून मागणी येण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे. दुसऱ्याचे काम उत्तम करणाऱ्या या प्रयोगशाळांना घरचे गिऱ्हाईक मिळाले, तर तीच यंत्रे आणि तेच हात येथील प्रश्नांवर चालू लागतील. तरुणांनी काढलेल्या लहान कंपन्यांचे खरे महत्त्व यात आहे.

शासनाने या दिशेने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. केंद्राने १९८६ साली जैवतंत्रज्ञानाचे स्वतंत्र खाते निर्माण केले. २०१२ साली स्थापन झालेल्या बायरॅकमार्फत कल्पना पडताळून पाहण्यासाठी नवउद्योजकांना ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची योजना निघाली. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आश्रयाने व्हेंचर सेंटर उभे राहिले. सरकारी पैशातून घेतलेली उपकरणे इतरांना वापरता यावीत यासाठी २०२० साली आय-स्टेम ही व्यवस्था सुरू झाली. एवढे असूनही कोल्हापूर, नांदेड, अमरावती येथील विद्यार्थ्याला आपल्याच विद्यापीठातील यंत्र बाहेरच्या माणसाने कोणत्या दराने आणि किती दिवसांत वापरावे, याचे सरळ उत्तर मिळत नसेल, तर या योजना शहरापुरत्या राहतील. प्रत्येक विद्यापीठाने आपल्या उपकरणांचे दर, ती चालविणाऱ्या तंत्रज्ञाची उपलब्धता आणि एक साधा नमुना-करार जाहीर करावा. त्यासाठी नव्या इमारतीची किंवा नव्या समितीची गरज नाही. कुलपे उघडण्याची इच्छा हवी. अभ्यासक्रमातही जनुकाची रचना शिकविताना करार कसा वाचावा, पेटंट कधी मागावे, आणि पेटंटाचा अर्ज करण्यापूर्वी शोध प्रसिद्ध केला तर पेटंटाचा मार्ग बहुधा बंद होतो, एवढे तरी शिकविले पाहिजे.

मराठी मध्यमवर्गाने धंद्याकडे दीर्घकाळ संशयाने पाहिले, त्यामागे भांडवलाचा अभाव हे एक सबळ कारण होते. जैवतंत्रज्ञानात ते कारण पूर्वीइतके सबळ राहिलेले नाही. प्रयोगशाळा भाड्याने मिळते, तंत्रज्ञान परवान्याने मिळते, आरंभीचे भांडवल अनुदानाने मिळू शकते. भाड्याने मिळत नाही ती विषयाची जाण आणि चूक झाल्यास पुढे होऊन ती पदरात घेण्याची तयारी. म्हणून पदवी घेऊन घरी आलेल्या मुलाला वा मुलीला प्रयोगशाळा कोठून आणणार, असे विचारण्याऐवजी बाहेरून आलेला अहवाल चुकीचा असेल तर तो तुला ओळखता येईल काय, असे वडिलांनी विचारावे. त्याचे होकारार्थी उत्तर जिला वा ज्याला देता येईल, त्याच्या वाटेत प्रयोगशाळेची अडचण फार काळ उभी राहणार नाही.